ईटनच्या पहिल्या 'हाफ'ची, म्हणजे सत्राची, तयारी

मुलाला ईटन कॉलेजात, म्हणजे इंग्लंडातल्या मुलांच्या जुन्या निवासी शाळेत, प्रवेश मिळाला की घरी माहितीचा मोठा गठ्ठा येतो, हल्ली बहुतेक ईमेलनं. फी, व्हिसा, लसीकरण, कपड्यांची यादी, सगळं त्यात साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं. पण पहिल्या पंधरवड्यातच मुलगा फोनवर असं काही बोलायला लागतो: "ईडब्ल्यूला रिप मिळाली, डेम चांगली आहे, मेसिंगला चिवडा संपला, आणि उद्यापासून टार्डी बुक आहे." हे ऐकून पुण्यातली किंवा लंडनच्या हॅरो भागातली आई रात्रभर जागी राहते. जागायचं कारण काहीच नाही. पण ते कळायला हे शब्द माहीत हवेत.

हा लेख अशा घरांसाठी आहे, आणि शाळेत निघालेल्या तेरा वर्षांच्या मुलासाठीही. शब्द पन्नास असोत की शंभर, सगळे एका रात्रीत पाठ करायची गरज नाही. आधी माणसांचे शब्द शिकावेत, मग वेळेचे, मग शिक्षेचे. गमतीचे शब्द आपोआप येतात. बरीच मुलं नेमकी उलटीकडून सुरुवात करतात आणि ताप आला की कोणाकडे जायचं हेच त्यांना माहीत नसतं.

सुरुवातीला एक घोळ मिटवू. इंग्लंडात 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा नव्हे, भरमसाट फी घेणारी जुनी खासगी शाळा. गाव, पंथ किंवा वडिलांचा धंदा न पाहता फी भरणाऱ्या कोणाचाही मुलगा तिथे जाऊ शके, म्हणून ती 'पब्लिक'. ईटनची फी आता वर्षाला साठ हजार पौंडांच्या वर जाते. जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला, तोही त्यात धरा. उत्पन्न पाहून फीत सवलत मिळते, आणि ती मागण्यात कमीपणा काहीच नाही.

पायरी १ : घर आणि घरातली माणसं

पाचगणी, देवळाली किंवा साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकलेल्या वडिलांना वाटतं, हाऊस म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. लाल हाऊस, निळं हाऊस, क्रीडादिनाला गुण मोजायचे, झालं. ईटनचं हाऊस म्हणजे गुणांसाठी पाडलेला गट नाही, राहतं घर आहे. अशी पंचवीस घरं गावभर पसरलेली आहेत. प्रत्येकात साधारण पन्नास मुलं राहतात आणि त्याच इमारतीत हाऊसमास्टर आपल्या कुटुंबासह राहतो. मुलगा पाच वर्षं त्याच घरात काढतो. बहुतेक मुलांना पहिल्या दिवसापासून स्वतंत्र खोली मिळते. इथे लांबलचक डॉर्मिटरीची कल्पना करून गेलेला मुलगा चकित होतो. वसतिगृहात वाढलेल्या वडिलांना थोडा हेवाही वाटतो.

घरांना अधिकृत नावं आहेत: गोडॉल्फिन, मॅनर हाऊस, इव्हान्सिस, वॉलपोल हाऊस, द टिंब्रल्स वगैरे. पण रोजच्या बोलण्यात घर ओळखलं जातं ते सध्याच्या हाऊसमास्टरच्या आडनावानं किंवा आद्याक्षरांनी. म्हणजे हाऊसमास्टर बदलला की बोलण्यातलं घराचं नावही बदलतं. मुलाच्या पत्त्यावर कोणतं नाव घालायचं ते एकदा विचारून घ्या, नाहीतर आजीनं पाठवलेलं पार्सल दोन दिवस गावभर फिरेल.

आता माणसं. सगळ्यात आधी डेम. प्रत्येक घरात एक असते आणि ती घरातच राहते. औषधं, जेवण, कपडे धुणं, रडणं, ताप, मोजे हरवणं, सगळं तिच्याकडे. मुलं तिचा उल्लेख 'मडेम' असा करतात, 'माय डेम'चा झालेला तो गोळा. पूर्वी ईटन गावातल्या ज्या बायका मुलांना राहायला ठेवून घेत त्यांना डेम म्हणत. त्या परंपरेतल्या शेवटच्या जेन इव्हान्स १९०६ साली वारल्या आणि त्यांचं नाव एका घराला कायमचं चिकटलं. आजची डेम पगारी आणि प्रशिक्षित असते, पण मुलाच्या पहिल्या वर्षात हाऊसमास्टरपेक्षा तिचंच महत्त्व जास्त, हे माझं ठाम मत आहे. बरोबर आणलेली सगळी औषधं पहिल्या दिवशी तिच्या हातात द्यायची. क्रोसिन, होमिओपॅथीच्या गोळ्या, सितोपलादी चूर्ण, काहीही मुलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं नाही.

दुसरा माणूस ट्यूटर. हा शिकवणीवाला नव्हे. मुलाच्या अभ्यासावर एकूण नजर ठेवणारा हा शिक्षक आठवड्यातून एकदा लहान गटाला भेटतो. त्या भेटीला 'प्रायव्हेट बिझनेस' म्हणतात. त्यात परीक्षेचा अभ्यास नसतो. कधी चित्रं पाहायची, कधी एखाद्या प्रश्नावर भांडायचं, कधी नुसत्या गप्पा. "मग त्याचा उपयोग काय?" हा प्रश्न मराठी पालक हमखास विचारतात. उपयोग असा की मार्कांपलीकडे मुलगा कसा आहे हे ओळखणारा एक मोठा माणूस शाळेत असतो, आणि पुढे विद्यापीठासाठी शिफारस लिहायची वेळ आली की त्याचं मत कामाला येतं.

तिसरा हाऊसमास्टर. घरी काही गंभीर घडलं, मुलाला कोणी त्रास देत असेल, फीची अडचण आली, तर त्यालाच लिहा. मुख्याध्यापकांना थेट पत्र लिहायची आपली सवय तिथे कामाची नाही. ते पत्र फिरून हाऊसमास्टरच्याच टेबलावर येतं, वर थोडी कटुताही घेऊन येतं.

शिक्षकांना एकत्रितपणे 'बीक' म्हणतात. पण हा शब्द त्यांच्या पाठीमागे वापरायचा. समोर पुरुष असेल तर 'सर', बाई असेल तर 'मॅम'. रस्त्यात बीक दिसला की उजव्या हाताचं एक बोट कपाळापर्यंत न्यायचं, याला 'कॅपिंग' म्हणतात. डोक्यावर टॉप हॅट असण्याच्या काळातला हा नमस्कार आहे. टोपी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास गेली, बोट राहिलं.

पायरी २ : मुलगा कोणत्या इयत्तेत आहे?

नववीपासून शाळा सुरू होते, पण तिला नववी म्हणत नाहीत. पहिलं वर्ष 'एफ ब्लॉक', मग ई, डी, सी, आणि शेवटचं 'बी'. वर्णमाला उलटी चालते. 'ए' कुठे गेला? पूर्वी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्रवेशपरीक्षेसाठी थांबणारी मुलं त्यात असत. त्या परीक्षेची पद्धत बदलली आणि तो ब्लॉक रिकामा झाला.

तुकडीला 'डिव्ह' म्हणतात, तासाला 'स्कूल'. त्यामुळे "आज पाच स्कूल आहेत" याचा अर्थ पाच तास. गृहपाठ म्हणजे 'ईडब्ल्यू', एक्स्ट्रा वर्कचं लघुरूप. इतर बहुतेक बोर्डिंग शाळांत गृहपाठाला 'प्रेप' म्हणतात आणि मुलगा ज्या शाळेतून आला ती 'प्रेप स्कूल', हा आणखी एक गोंधळ.

मुलांचे दोन वर्ग आहेत. राजा सहावा हेन्री यानं १४४० साली शाळा काढली ती सत्तर गरीब विद्वान मुलांना फुकट शिकवण्यासाठी. ती सत्तर जागांची परंपरा अजून आहे. स्पर्धा परीक्षा देऊन दरवर्षी साधारण चौदा मुलं 'किंग्ज स्कॉलर' होतात, मूळ जुन्या इमारतीत राहतात, कोटावर काळा झगा घालतात, आणि त्यांच्या नावापुढे केएस लागतं. जॉर्ज ऑर्वेल, अर्थशास्त्रज्ञ केन्स आणि बोरिस जॉन्सन, तिघेही केएस. बाकीची बाराशेवर मुलं 'ऑपिडन', म्हणजे गावात राहणारी. लॅटिनमध्ये ऑपिडम म्हणजे गाव. दोन गटांत थोडी चेष्टा चालते. स्कॉलरांना 'टग' म्हणतात. तुमच्या मुलाला कोणी टग म्हटलं तर तो हुशार आहे एवढाच अर्थ घ्या.

दोघे सख्खे भाऊ शाळेत असतील तर यादीत आडनावापुढे 'मा' आणि 'मि' येतं. मेजर आणि मायनर, म्हणजे थोरला आणि धाकटा. तेव्हा देशपांडे मि हे नाव पाहून छपाईची चूक समजू नका.

पायरी ३ : कपडे

घाबरवणारी यादी हीच. काळा टेलकोट, काळं वेस्टकोट, बारीक रेघांची पँट, पांढरा शर्ट, आणि त्यावर वेगळी लावायची कडक कॉलर. कॉलर शर्टाला शिवलेली नसते, ती छोट्या बटणांनी, म्हणजे स्टडनी, मागे आणि पुढे अडकवतात. तिच्यात पांढरी टाय खोचतात. पहिल्या सकाळी हे अर्धा तास खातं, महिन्याभरात मुलगा झोपेत करतो. पण तो महिना टाळता येतो. घरी उन्हाळ्यातच कॉलर लावायचा सराव करून घ्या आणि स्टड दुप्पट घ्या. पलंगाखाली गडगडत गेलेला स्टड शोधताना पहिल्या तासाला उशीर होतो, आणि उशिराचं काय होतं ते पुढे सांगतो.

टेलकोट नवा घेऊ नका. मुलं या वयात वीतभर वाढतात आणि लहान झालेले कोट ईटन हायस्ट्रीटवरच्या शिंप्यांच्या दुकानांत वापरलेले मिळतात. वापरलेला कोट पाहून तिथे कोणी नाक मुरडत नाही, उलट जरा झिजलेली बाही जुन्या मुलाचं लक्षण मानतात. पैसे बुटांवर खर्च करा. शाळा गावभर पसरली आहे, तिला एकच एक फाटक नाही. घरातून वर्गात, वर्गातून चॅपलमध्ये, तिथून परत जेवायला, सगळं पावसात चालत.

या पोशाखाला 'स्कूल ड्रेस' म्हणतात. साधे कपडे म्हणजे 'चेंज', आणि जॅकेट-टाय म्हणजे 'हाफ चेंज'. सूचनेत नुसतं 'चेंज' लिहिलं असेल तर टेलकोट लागत नाही. प्रत्येक कपड्यावर, मोज्यांवरसुद्धा, नावाची विणलेली पट्टी शिवायची. मार्करनं लिहिलेलं नाव शाळेच्या लाँड्रीत टिकत नाही.

पोशाखात पद वाचता येतं, ही नव्या मुलाच्या कामाची गोष्ट. वर्षानं मोठी मुलंही त्याच काळ्या-पांढऱ्यात असतात. पण पंखांसारखी दुमडलेली कॉलर आणि पांढरा बो दिसला तर तो पदाधिकारी. याला 'स्टिक-अप्स' म्हणतात. वेस्टकोटाला चांदीच्या रंगाची बटणं असतील तर तो 'सिक्स्थ फॉर्म सिलेक्ट', अभ्यासातल्या पहिल्या फळीतला. आणि रंगीबेरंगी, कधी अगदी डोळ्यात खुपणारं वेस्टकोट म्हणजे 'पॉप', मोठ्या मुलांचं एक मंडळ, त्याबद्दल पुढे सांगतो.

पायरी ४ : कॅलेंडर

सत्राला 'हाफ' म्हणतात आणि वर्षात हाफ तीन असतात. गणित विचारू नका. सप्टेंबर ते डिसेंबर मिकलमस, जानेवारी ते मार्च लेंट, एप्रिल ते जूनअखेर समर. प्रत्येक हाफच्या मध्ये 'लाँग लीव्ह' येते, जेव्हा घरं बंद होतात आणि सगळ्या मुलांना बाहेर पडावंच लागतं. याशिवाय 'शॉर्ट लीव्ह' म्हणजे शनिवार-रविवारची सुटी. इतर शाळांत तिला 'एक्झिएट' म्हणतात.

भारतातल्या पालकांची खरी अडचण इथेच होते. लाँग लीव्हला मुलगा कुठे जाणार हे प्रवेशाच्या वेळीच ठरलेलं असायला हवं. परदेशी राहणाऱ्या पालकांना ब्रिटनमध्ये गार्डियन नेमावाच लागतो. लंडनमधली आत्या चालते, पण ती खरोखर गाडी घेऊन येणारी, रात्री दोन वाजता फोन उचलणारी आत्या हवी. तशी आत्या नसेल तर पैसे घेऊन हे काम करणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांची तपासणी करणारी एजिस नावाची मंडळी आहे. त्यांची मान्यता पाहून निवडा. व्हिसा चाइल्ड स्टुडंट प्रकारचा असतो, आणि त्यासाठीही मुलाची देखभाल कोण करणार हे कागदावर दाखवावं लागतं.

विमानाची तिकिटं शाळेच्या तारखा पाहून काढा. "दोन दिवस आधी निघाला तर काय बिघडतं, तिकीट वीस हजारांनी स्वस्त आहे," ही विनंती हाऊसमास्टरला दर वर्षी कोणीतरी करतं आणि दर वर्षी नकार घेतं. दिवाळी कधी लाँग लीव्हच्या आसपास येते, कधी नाही. ती न आल्यास मुलाची दिवाळी शाळेतच होईल. ख्रिस्ती नसलेल्या मुलांसाठी धर्मानुसार ट्यूटर असतात, हिंदू मुलांसाठीही, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

पायरी ५ : एक दिवस

सकाळी घरात नाश्ता, मग चॅपल, मग तास. लहान मुलं लोअर चॅपलमध्ये जातात, मोठी मुलं कॉलेज चॅपलमध्ये. साडेदहा-अकराच्या सुमारास 'चेंबर्स' होतं, म्हणजे मधली सुटी. त्या वेळी सगळे बीक एकत्र चहाला जमतात. त्यामुळे कुठल्याही शिक्षकाला गाठायचं असेल तर तेव्हाच. दुपारच्या जेवणाला 'बॉइज डिनर' म्हणतात, तेव्हा फोनवर मुलानं "डिनरला मासे होते" म्हटलं तर ते दुपारचे.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी तास नसतात, खेळ असतात. हो, शनिवारी शाळा असते. दुपारी चारच्या सुमारास 'मेसिंग'. दोन-चार मित्र एकत्र येऊन टोस्ट, अंडी, जे हाताशी असेल ते खातात. मैत्री इथे जमते, वर्गात नाही. म्हणून खाऊ पाठवताना एकट्याच्या हिशेबानं पाठवू नका, चौघांच्या हिशेबानं पाठवा. बाकरवडी आणि चकली यांना भाषांतर लागत नाही, डबा उघडला की संपतो. फक्त शेंगदाण्याचा चिवडा आणि शेंगदाण्याची चिक्की पाठवण्याआधी डेमला विचारा. ब्रिटिश शाळा शेंगदाण्याच्या ॲलर्जीबाबत फार कडक असतात आणि ते बरोबरच आहे. जुन्या ईटनच्या बोलीत खाऊला 'सॉक' म्हणतात. पायमोजा नव्हे.

संध्याकाळी ठराविक वेळी घरात परतायचं, मग शांतपणे ईडब्ल्यू करायचा तास, आणि झोपण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांची छोटी सभा. तिला अजून 'प्रेअर्स' म्हणतात, प्रार्थना असो वा सूचना. सप्टेंबर २०२४ पासून एफ ब्लॉकच्या नव्या मुलांना स्मार्टफोन वापरता येत नाही. शाळाच साधा बटणांचा फोन देते. म्हणजे रोजचा व्हिडिओ कॉल आणि व्हॉट्सॲपवरचं 'जेवलास का' संपलं. आजी-आजोबांना हे आधी समजावून सांगा. मुलापेक्षा त्यांनाच ते जड जातं.

पायरी ६ : शाबासकी, शिक्षा आणि त्यांची भीती

चांगला निबंध लिहिला की बीक त्याला 'शो-अप' देतो आणि मुलगा तो ट्यूटरला नेऊन दाखवतो. अपवादात्मक काम असेल तर ते 'सेंट अप फॉर गुड', म्हणजे थेट वरपर्यंत जातं. फोनवर हे ऐकलं तर मनापासून कौतुक करा, ते रोज मिळत नाही.

उलट बाजूला 'रिप'. निष्काळजीपणे केलेल्या कामाचा कागद बीक वरच्या कडेला फाडतो आणि मुलानं तो हाऊसमास्टरला दाखवून सही आणायची. दिसायला भयंकर, परिणामात साधं. पहिल्या हाफमध्ये एखादी रिप बहुतेकांना मिळते. सतत मिळत राहिली तर 'व्हाइट टिकट'. प्रत्येक तासाच्या शेवटी शिक्षकाची सही घ्यायचा तो कागद. तेव्हा मात्र घरून एक फोन करायला हरकत नाही.

तासाला उशीर झाला की 'टार्डी बुक'. काही दिवस रोज सकाळी लवकर उठून, टेलकोट चढवून, शाळेच्या कार्यालयात जाऊन सही करायची. झोपेचा तोटा हीच शिक्षा. हिची जरब इतर सगळ्या शिक्षांपेक्षा जास्त आहे, निदान तेरा वर्षांच्या मुलांना तरी.

आणि 'बिल'. तास चालू असताना दार उघडतं, सिक्स्थ फॉर्म सिलेक्टमधला मोठा मुलगा आत येतो आणि अमुक मुलगा या डिव्हमध्ये आहे का असं विचारतो. तो असेल तर त्याला ठराविक वेळी मुख्याध्यापकांपुढे 'बिलवर' हजर राहायला सांगतो. धाकट्यांसाठी हे काम लोअर मास्टर, म्हणजे उपमुख्याध्यापक, करतात. संपूर्ण वर्गासमोर हा निरोप येतो, यातच अर्धी शिक्षा उरकते.

छडी नाही. हे आजी-आजोबांना, आणि जुन्या कादंबऱ्या वाचलेल्या काकांना, ठणकावून सांगा. ईटनमधली छडी १९८०च्या दशकात बंद झाली. ब्रिटनच्या सरकारी शाळांत ती १९८७ पासून बेकायदा आहे आणि इंग्लंडच्या खासगी शाळांत १९९९ पासून. हाफच्या शेवटी होणाऱ्या अंतर्गत परीक्षांना 'ट्रायल्स' म्हणतात, तेव्हा मुलाची 'ट्रायल' आहे असं ऐकलं तर ती कोर्टातली नव्हे.

पायरी ७ : मोठी मुलं

ईटन सोसायटी, म्हणजेच पॉप, १८११ साली वादविवाद मंडळ म्हणून सुरू झाली आणि हळूहळू शाळेतली सगळ्यात वजनदार टोळी बनली. आज तिचे सदस्य शिस्त राखायला मदत करतात आणि मनासारखी वेस्टकोटं घालतात. प्रत्येक घरातही शेवटच्या वर्षाच्या काही मुलांवर जबाबदारी असते, त्यांना मिळून 'लायब्ररी' म्हणतात. पुस्तकांच्या खोलीचा याच्याशी संबंध नाही.

पूर्वी नव्या मुलाला मोठ्याचं सामान उचलावं लागे, चहा करावा लागे, बूट चकाकवावे लागत. ही 'फॅगिंग'ची चाल ईटनमध्ये १९८०च्या सुमारास संपली. जुन्या आठवणींत तिचं गोडवे गाऊन वर्णन सापडेल. मला त्यात गोड काही दिसत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांकडून फुकट नोकर म्हणून काम करून घ्यायची ती पद्धत होती, आणि आपल्याकडच्या रॅगिंगशी तिचं नातं लांबचं नव्हतं. आज कोणी मोठा मुलगा असं काही करायला सांगत असेल तर ती परंपरा नाही, तक्रारीची बाब आहे. डेमला सांगायचं.

नव्या मुलांची एक निरुपद्रवी परीक्षा मात्र होत आली आहे, 'कलर्स टेस्ट'. घरांचे रंग, बीकांची आद्याक्षरं, जागांची नावं, बोलीतले शब्द, मोठी मुलं विचारतात आणि धाकट्यांनी सांगायचं. शाळेतल्या भल्यामोठ्या नक्षीदार दिव्याच्या खांबाला 'बर्निंग बुश' म्हणतात, हे उत्तर तयार ठेवा.

पायरी ८ : खेळ

उन्हाळ्यात नदीवर वल्ही मारणारा तो 'वेट बॉब', क्रिकेट खेळणारा 'ड्राय बॉब', आणि दोन्ही टाळणारा 'स्लॅक बॉब'. शाळेच्या मालकीचं डॉर्नी लेक इतकं मोठं आहे की २०१२च्या ऑलिंपिकमधल्या रोइंगच्या शर्यती तिथे झाल्या. मुंबई-पुण्याहून आलेलं पोर बहुधा ड्राय बॉब होतं, ते स्वाभाविकच आहे. आणि या क्रिकेटचा आपल्याशी थेट धागा आहे. ईटनच्या संघातून १८६८ ते १८७० या काळात खेळलेले लॉर्ड हॅरिस पुढे इंग्लंडचे कर्णधार झाले आणि १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईच्या शाळांची हॅरिस शील्ड त्यांच्याच नावाची, जिच्यात १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी रचली. गव्हर्नर म्हणून त्यांचा कारभार मुंबईकरांना फारसा आवडला नव्हता, ही गोष्ट वेगळी. ईटन आणि हॅरो या दोन शाळांमधला सामना लॉर्ड्सवर पहिल्यांदा १८०५ साली झाला. त्यात हॅरोकडून कवी बायरन खेळला होता.

लेंट हाफमध्ये 'फील्ड गेम', फुटबॉल आणि रग्बीच्या मधला ईटनचा स्वतःचा खेळ. 'फाइव्ह्ज' म्हणजे हातमोजे घालून भिंतीवर चेंडू मारायचा. या खेळाचं कोर्ट चॅपलच्या पायऱ्यांजवळच्या कोपऱ्याची नक्कल आहे, मधल्या आडव्या आलेल्या खांबासकट. आणि 'वॉल गेम'. सुमारे ११० मीटर लांब विटांची भिंत, तिला लागून जेमतेम पाच मीटर रुंद चिखलाची पट्टी, आणि तिच्यात एकमेकांना रेटणारी मुलं. सेंट अँड्र्यूच्या सणाला, नोव्हेंबरच्या शेवटी, स्कॉलर विरुद्ध ऑपिडन असा मोठा सामना होतो. त्या सामन्यात शेवटचा गोल १९०९ साली झाला. पालक पाहायला जातात, बूट चिखलाचे घालावेत, आणि काय चाललंय ते शेजाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही, त्यालाही कळत नसतं.

पायरी ९ : पालकांनी काय करायचं

पालकांसाठी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस 'फोर्थ ऑफ जून', राजा तिसरा जॉर्ज याचा वाढदिवस. तो हल्ली चार जूनला नसतो, त्याच्या आसपास असतो, तारीख शाळा कळवते. भाषणं, क्रिकेट, प्रदर्शनं, मैदानावर सहल, आणि संध्याकाळी होड्यांची मिरवणूक. जुन्या नौसैनिकांच्या वेशातली मुलं फुलांनी मढवलेल्या टोप्या घालून नावेत उभी राहतात आणि टोपी हलवून फुलं नदीत सांडतात. कोणी नावेतून पाण्यात पडलं तर टाळ्या वाजतात. सहलीचा डबा घरचा न्या. शेजारच्या चटईवर महागडी हँपर असेल, असू द्या. कोथिंबीर वडी संपायला दहा मिनिटं लागत नाहीत. आईनं साडी नेसली तर मुलाला लाज वाटेल, ही भीती बहुतेक वेळा आईचीच असते. फक्त उंच टाचा नकोत, गवतात रुततात.

शब्दांबद्दल पालकांना एकच सांगणं. ते समजून घ्या, पण स्वतः वापरू नका. हाऊसमास्टरला लिहिताना 'बीक', 'डिव्ह', 'मडेम' असे शब्द घालणारा पालक हसू ओढवून घेतो. तुम्ही 'टीचर', 'क्लास', 'द डेम' लिहा. मुलगाही घरी आल्यावर मराठीत बोलताना हे शब्द मध्ये मध्ये घालेल. त्याला थांबवू नका.

पत्र हॅरो किंवा विंचेस्टर शाळेचं असेल तर

वरचे निम्मे शब्द तिथे चालणार नाहीत. हॅरोत, जिथे जवाहरलाल नेहरू १९०५ ते १९०७ शिकले, पहिलं वर्ष 'शेल' आणि दुसरं 'रिमूव्ह'. डोक्यावर गवती टोपी, अंगात निळं जॅकेट म्हणजे 'ब्लूअर', करडी पँट म्हणजे 'ग्रेअर्स', व्यायाम म्हणजे 'एकर'. शब्द आखडून त्याला शेवटी 'अर' लावायची तिथली खोड आहे. शिक्षक इथेही बीकच. स्क्वॉश या खेळाचा जन्म याच शाळेतला.

विंचेस्टर सगळ्यात जुनं, १३८२चं, आणि बोलीच्या बाबतीत सगळ्यात हट्टी. तिथल्या शब्दांना 'नोशन्स' म्हणतात. तेरा वर्षांचा मुलगा तिथे 'मॅन' असतो, शिक्षक 'डॉन', गृहपाठाचा वेळ 'टॉयटाइम', अभ्यासाचा लाकडी कप्पा 'टॉइज', सायकल 'बोगल'. नव्या मुलाला हे शिकवायला एक वर्षानं मोठा मुलगा नेमून देत आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याची परीक्षा घेत. माधवराव शिंदे, मन्सूर अली खान पतौडी आणि ऋषी सुनक, तिघेही तिथलेच. २०२२ पासून तिथे सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांत, मुलीही आहेत आणि जुने बरेच शब्द वापरातून गेले आहेत. म्हणून इंटरनेटवरच्या जुन्या याद्या पाठ करण्याआधी डेम किंवा मेट्रन, जी कोणी घर सांभाळत असेल तिला, एक ईमेल पाठवा. नव्या मुलांसाठीची छोटी माहितीपुस्तिका बहुतेक घरांत असते, मागितली की मिळते.